आखूड करंगळी

मी एक जुना हात आहे. डावा. मनगटाखाली चार बोटांचं अंतर गेलं की मी संपतो आणि एक लाकडी ठोकळा सुरू होतो. बाकीचं शरीर मला कधीच नव्हतं. मी प्लास्टरचा आहे. माझी चार बोटं आता जुन्या दातांसारखी पिवळी पडली आहेत आणि पाचवं तेवढं पांढरंफटक आहे. मित्रांनो, ते तसं का, एवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे.

चित्रकलेच्या एका शाळेत, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. इथे माणसाचं शरीर काढायला शिकवतात. आधी हाडं, मग स्नायू, मग वरची कातडी. कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला आहे. भिंतीवर एका उघड्या माणसाचा तक्ता आहे आणि त्याच्यावर आडव्या रेघा मारलेल्या आहेत. माणूस आपल्या डोक्याच्या साडेसात पट उंच असतो, हे त्या रेघा सांगतात. हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत जेवढा चेहरा, तेवढाच लांब हात. डोळ्यांच्या मधे आणखी एक डोळा मावेल एवढी जागा. ही सगळी मापं पाठ करून घेणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. मुलं तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे ‘साडेसात’.

मास्तर नोकरीला लागले तेव्हा शाळेत प्लास्टरचं नाक होतं, कान होते, दोन पाय होते. हात मात्र झिजून, फुटून नुसता खुंट उरला होता. नवा मागवायला वरिष्ठ तयार नव्हते. मास्तर म्हणाले, मी घरीच बनवतो. घरी त्यांची बायको होती. ती लोकांचे कपडे शिवायची. पुढे शाळेतली सगळी मुलं तिला काकू म्हणायला लागली, म्हणून मीही काकूच म्हणतो.

“कुठला देऊ?” काकूंनी विचारलं.

“उजवा बरा पडेल.”

“उजवा मिळायचा नाही. संध्याकाळी दोन कोट द्यायचेत. डावा घ्या. तो नुसता कापड धरायच्या कामाचा.”

मग काकूंच्या डाव्या हाताला तेल चोळलं, हाताभोवती मधोमध एक दोरा ठेवला आणि वर ओलं प्लास्टर थापलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. काकू खुर्चीत ताठ बसून राहिल्या.

“चटका बसतोय हो.”

“बसणारच. हलू नकोस.”

“हलत नाही. सांगतेय फक्त.”

दोरा ओढून तो साचा दोन तुकड्यांत उघडला. तुकडे पुन्हा जोडून त्यांच्यात मला ओतलं. मी सुकल्यावर मास्तरांनी छिन्नीने साचा फोडला आणि मला बाहेर काढलं. साच्याचा चुरा सुपलीत भरून टाकून दिला. एवढं ध्यानात ठेवा, साचा राहिला नाही.

माझ्यात काकूंचं सगळं उतरलं होतं. नखांजवळची सालपटं, अंगठ्यावरचा कापड ताणून पडलेला घट्टा, पहिल्या बोटाच्या टोकाला सुया टोचून झालेली बारीक छिद्रं. आणि करंगळी. मित्रांनो, तुमचा हात पुढे करा आणि बोटं एकमेकांना लावा. तुमच्या करंगळीचं टोक बहुतेक शेजारच्या बोटाच्या शेवटच्या सांध्यापर्यंत पोचतं. काकूंचं पोचत नव्हतं. अर्धं पेर खालीच संपायचं.

मास्तरांनी कंपास लावून पाहिला. पुन्हा लावला.

“तुझी करंगळी आखूड आहे.”

“आज कळलं? लग्नाला चार वर्षं झाली.”

“मापात बसत नाही गं ही.”

“कुणाच्या मापात?”

मास्तरांनी भिंतीवरच्या तक्त्यासारखाच एक तक्ता पुस्तकातून काढून दाखवला. काकूंनी तो माणूस वरपासून खालपर्यंत पाहिला, तोंडातल्या दोन टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, “हा गडी फार छान आहे. पण याने माझ्याकडे कधी कोट शिवायला टाकला नाही. येतात ते सगळे वाकडेच असतात.”

मास्तर हसले. पण ती करंगळी त्यांना सलत राहिली.

वर्ग सुरू झाले. ज्या बुटक्या लांब बाकावर पाय दोन्ही बाजूंना टाकून बसतात आणि पुढच्या फळीला कागद टेकवून चित्र काढतात, त्याला इथे डाँकी म्हणतात. दर वर्षी पहिल्याच दिवशी मास्तर म्हणायचे, “गाढवावर बसलेलं गाढव मला चालतं. पण उठताना माणूस होऊन उठायचं.” मग मला टेबलावर ठेवायचे. मुलं हात लांब करायची, एक डोळा मिटायची, पेन्सिल उभी धरून माझी बोटं मोजायची. कोपर वाकलं की माप चुकतं, म्हणून मास्तर मागून जाऊन प्रत्येकाच्या कोपरावर पट्टी टेकवायचे. त्यांचं शिकवणं चांगलं होतं. तळवा हा पाच कोनांचा ठोकळा समजा, बोटांची टोकं एका कमानीत असतात, सांधा हा कातडीखालचा दगड आहे, तो आधी शोधा. मुलांचे हात खरोखर हातासारखे व्हायला लागले. दुसऱ्या शाळांतले शिक्षक मला बघायला यायचे. कुणी म्हणायचं, काय सुंदर हात आहे. तेव्हा मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

फक्त करंगळीशी आले की मास्तर सगळ्यांना थांबवायचे. “इथे लक्ष द्या. हा दोष या हातातला आहे. तुमच्या चित्रात तो यायला नको. परीक्षकाला काय माहीत हा हात कुणाचा? त्याला वाटेल तुम्हाला माप येत नाही.” मुलं शहाणी होती. माझ्याकडे बघत बघत ती माझी नसलेली करंगळी काढायची, पुरी सांध्यापर्यंत. मास्तर ‘छान’ म्हणून पुढे जायचे.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी एक मुलगी आली. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. सगळे तिला खोडरबर म्हणायचे, कारण ती काढायची त्याच्या दुप्पट खोडायची. कागद इतका घासायची की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसावं. रोज उशिरा यायची, म्हणून तिला शेवटची, खिडकीजवळची डाँकी मिळायची. तिथून माझी पाठ आणि करंगळीची कड दिसायची. ती जागा कुणालाच नको असायची. तिथून हात सुंदर दिसत नाही.

सहामाही परीक्षेला मीच होतो. चार तासांचा पेपर. मास्तर फिरत फिरत खिडकीपाशी थांबले.

“हे काय?”

“करंगळी, सर.”

“ते दिसतंय. एवढीशी का?”

“आहे तेवढीच आहे, सर.”

“मी काय शिकवलंय?”

“शेजारच्या बोटाच्या शेवटच्या सांध्यापर्यंत.”

“मग?”

“मग ती तिथपर्यंत जात नाही. मी तीनदा मोजलं.”

पुढून कुणीतरी म्हणालं, “सर, तिने उरलेली खोडून टाकली असेल.” वर्ग हसला. मास्तरही थोडे हसले. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि तिच्या करंगळीच्या वर, सांध्यापर्यंत, एक नवं टोक काढून दाखवलं. खाली कोपऱ्यात लिहिलं, ‘प्रमाण चुकले. बघायला शिका. दहापैकी तीन.’

मुलीने पेन्सिल उचलली, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि मला चौथ्यांदा मोजलं. खोडरबराला मात्र तिने हात लावला नाही. त्या दिवसापुरता तरी नाही.

ती नापास झाली. दुसऱ्या सहामाहीला आलीच नाही. कुणी म्हणालं, एका दुकानात लागली. पास झालेली मुलं आपापली चित्रं गुंडाळी करून घरी घेऊन जायची. तिची न्यायला कोण येणार? शिपायाने ती मागच्या कपाटात तळाशी टाकली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी बोललो असतो. पण मी साधा हात. आणि मी तरी काय केलं असतं? मास्तरांनी माझ्याकडे कंपास घेऊन पाहिलं होतं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही.

पुढे सातव्या वर्षी शिपाई धूळ झटकत असताना मी टेबलावरून पडलो. चार बोटं वाचली. करंगळीचा भुगा झाला. शिपाई घाबरून तिथेच बसला.

“साहेब, पगारातून कापू नका.”

“ऊठ रे,” मास्तर म्हणाले. “करू दुसरी.”

त्यांना वाईट वाटलं नाही, हे मी जवळून पाहिलं. सलणारा काटा आपोआप निघावा तसं झालं. दोन दुपारी बसून त्यांनी नवी करंगळी घडवली. काम सुरेख होतं, जोड शोधून सापडेना. टोक बरोबर सांध्यापर्यंत. आता कुणाला थांबवून काही सांगायची गरज उरली नाही.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला काकू आल्या. त्या दरवर्षी यायच्या, सगळी चित्रं बघायच्या आणि शेवटी माझ्यापाशी उभ्या राहायच्या. त्या दिवशी जरा जास्त वेळ राहिल्या.

“ही कुणाची हो?”

“तुझीच. मोडली होती, नवी केली. बरोबर मापाची.”

काकूंनी आपला डावा हात माझ्या शेजारी धरला. काही वेळ दोन्हीकडे पाहिलं.

“मापाची असेल तर ठीकच,” त्या म्हणाल्या. “माझी नाही एवढंच.”

आणि त्या हात पदरात घेऊन पुढच्या चित्राकडे गेल्या. मास्तर कुणा पाहुण्याला तक्ता समजावून सांगत होते.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. सांगण्यासारखं काही नाही. माझी चार बोटं पिवळी पडत गेली, पाचवंही पिवळं झालं. मास्तरांचे केस पांढरे झाले. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्या वर्षी प्रदर्शनाला काकू आल्या नाहीत. मग एक दिवस मास्तरही आले नाहीत. तीन आठवडे एक तरुण शिक्षक वर्ग घ्यायचा. शिपाई, तोच, आता म्हातारा झालेला, मला पुसत होता. पुसता पुसता थांबला आणि त्याने फडक्याने माझं एकेक बोट नीट पुसलं. “काकू गेल्या,” तो त्या तरुण शिक्षकाला म्हणाला. “हा त्यांचाच हात. तुम्हाला माहीत नसेल.”

मास्तर परत आले ते संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. माझ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि मला पिशवीत घालून घरी नेलं.

घर दोन खोल्यांचं. खिडकीशी शिवणयंत्र. सुईखाली कोट तसाच होता, एक बाही लावलेली, दुसरी टाचण्यांवर. मास्तरांनी तो काढला नव्हता. मला त्यांनी यंत्राच्या फळीवर, कोटाच्या बाजूला ठेवलं. मग आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, “हो, घेतली गोळी.” खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मला धरलं.

आता हे नीट ऐका. रस्त्यावर काकू नेहमी मास्तरांच्या उजव्या बाजूने चालायच्या. गर्दी आली, रस्ता ओलांडायचा असला की त्यांचा डावा हात मास्तरांच्या उजव्या हातात यायचा. काकूंची करंगळी आखूड, म्हणून तिच्या टोकापुढे थोडी जागा राहायची. मास्तरांचं बोट त्या जागेत येऊन टेकायचं. सदतीस वर्षं टेकत होतं. मास्तरांनी ते कधी मोजलं नव्हतं, पण बोटाला माहीत होतं.

त्या दुपारी ते बोट आपल्या जागेवर गेलं आणि तिथे प्लास्टर लागलं.

मास्तरांनी हात काढून घेतला. पुन्हा धरला. पुन्हा तेच. बराच वेळ ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. “ही तिची नाही,” ते म्हणाले. मोठ्याने नाही. वर्गात एखाद्या मुलाची चूक सापडली की म्हणायचे, तसंच.

मग त्यांनी घर उलटंपालटं केलं. करंगळी नक्की किती आखूड होती? अर्धं पेर? त्याहून कमी? थोडी आत वळलेली होती की सरळ? रोज पाहिलेली गोष्ट, आणि डोळे मिटले की समोर पुस्तकातली करंगळी यायची. त्यांनी कागद घेऊन चार-पाच वेळा काढून पाहिली. हात इतका सरावलेला की दर वेळी टोक आपोआप सांध्यापर्यंत जायचं. जुने फोटो बाहेर काढून बघितले. लग्नाच्या फोटोत काकूंचे हात फुलांखाली. बहिणीबरोबरच्या फोटोत पाठीमागे. ओळखपत्रावर नुसता चेहरा. एकात हात होता, पण तांदळाच्या दाण्याएवढा.

चार दिवसांनी कोटाचा मालक आला. तो पोस्टमन होता.

“काका, घाई नाही. पण थंडी यायला लागली. आहे तसा द्या, दुसरी बाही मी कुणाकडून लावून घेईन.”

“माप लागेल त्याला,” मास्तर म्हणाले आणि यंत्राच्या खणातून काकूंची वही काढली. गिऱ्हाइकांची मापं असायची त्यात.

“काकूंचाच कोट अंगाला बसायचा बघा. विकतचा घातला की मी वाकडा दिसतो. त्यांच्या हाताला काय होतं कळत नाही.”

मास्तरांनी पान शोधलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं. काकूंचं अक्षर मोठं आणि गोल. ‘पोस्टमन. पिशवीचा खांदा (डावा) पाऊण इंच उतरलेला. आतून गादी देणे. त्यांना सांगू नये.’

मास्तर वाचत राहिले.

“काय लिहिलंय?” पोस्टमनने विचारलं.

“माप लिहिलंय.”

“बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे.”

पोस्टमन कोट घेऊन गेला. त्यापुढे मास्तरांनी अख्खी वही वाचली. ‘मुख्याध्यापिका. एक पाय अर्धा इंच आखूड, शिलाईत सांभाळणे.’ ‘बेकरीवाला. पोट दर वर्षी वाढते, शिवण सोडून ठेवणे, विचारू नये.’ शंभर-दीडशे माणसं होती, एकही साडेसात डोक्यांचं नव्हतं. प्रत्येकाचा दोष बोटभर जागेत लिहिलेला आणि पुढे तो कसा सांभाळायचा तेही. मास्तरांनी पानं मागेपुढे केली, शेवटचं कोरं पानही पाहिलं. काकूंचं स्वतःचं माप त्यात नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मला घेऊन ते शाळेत आले आणि मागचं कपाट उघडलं. त्यांची एक सवय होती. दर वर्षी हाताचं सर्वांत चांगलं चित्र ते मुलाकडून मागून ठेवून घ्यायचे. मी पडण्याआधीच्या वर्षांची सहा चित्रं सापडली. त्यांनी ती जमिनीवर ओळीने मांडली आणि गुडघ्यांवर बसून एकेकावर पट्टी ठेवली. छाया सुंदर होती, सांधे सुंदर होते. सहाही चित्रांत करंगळी सांध्यापर्यंत होती. सहाही चित्रांवर मास्तरांच्या अक्षरात ‘उत्कृष्ट’.

त्या वेळी मी तिथेच टेबलावर खरी करंगळी घेऊन उभा होतो. सहा हुशार मुलं माझ्याकडे चार-चार तास बघत होती.

मास्तर उठले नाहीत. तसेच सरकत कपाटाच्या तळापर्यंत गेले. तिथे नापासांची, सोडून गेलेल्यांची चित्रं होती, ओल आलेली, कडा कुरतडलेली. दुपार कलायला आली तेव्हा त्यांच्या हाताला एक कागद लागला. फार पातळ. त्यांनी तो खिडकीकडे धरला तर उजेड आरपार आला.

रेघा जाड होत्या, हात थोडा बटाट्यासारखा झाला होता. पण करंगळी होती. अर्ध्या पेराहून जरा कमीच आखूड, टोकाशी किंचित आत वळलेली. शेजारच्या बोटाच्या सांध्यापर्यंत न पोचलेली. आणि तिच्या टोकावर लाल पेन्सिलीने काढलेलं दुसरं टोक.

मास्तरांनी खालचे शब्द वाचले. मग खोडरबर घेतला आणि लाल रेघेवर अलगद फिरवला. कागद आधीच इतका घासलेला की फाटायला लागला. त्यांनी खोडरबर ठेवून दिला.

जुन्या हजेरीतून पत्ता काढून त्यांनी त्या मुलीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी तोच पोस्टमन ते पत्र परत घेऊन आला. अंगात तो कोट होता, दुसरी बाही कुणीतरी लावून दिली होती, खांदा मात्र एका बाजूला उतरला होता. “त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, काका,” तो म्हणाला. मास्तर त्याच्या खांद्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी माझी करंगळी कापली. वर्गात, सगळ्यांसमोर, बारीक दातांच्या करवतीने. तो पातळ कागद फळ्यावर टाचलेला होता. मुलं डाँक्यांवर बसून बघत होती.

“सर, हे कुणी काढलंय?” एका उंच मुलाने विचारलं.

“माझ्या एका विद्यार्थिनीने.”

“तीनच मार्क?”

“ते माझे आहेत,” मास्तर म्हणाले.

कुणी हसलं नाही. मास्तर विनोद करतायत की काय, हेच मुलांना कळेना.

नवी करंगळी करायला त्यांना आठ दिवस लागले. ते शेवटच्या, खिडकीजवळच्या डाँकीवर जाऊन बसायचे, हात लांब करायचे, एक डोळा मिटून मोजायचे. मग उठून माझ्याकडे यायचे, थोडं प्लास्टर लावायचे, थोडं खरवडायचे, आणि गुडघे धरत परत खिडकीकडे जायचे. लांबी जुळली. टोकाचं वळण जुळलं. पाठीवरची सुरकुती जुळली, कारण त्या खोडरबर मुलीने तीसुद्धा काढली होती.

पण ती बसायची तिथून माझी आतली बाजू दिसत नव्हती. कुणीच ती बाजू खरी काढलेली नव्हती. मास्तरांनी आतून बोट सपाट ठेवलं, नुसतं पट्टीने सारखं केलं.

“सर, आतून असंच ठेवणार?” त्या उंच मुलाने विचारलं.

“आतून कसं होतं ते मला माहीत नाही.”

“अंदाजाने करा ना. बोट ते बोट.”

“एकदा केलं होतं अंदाजाने.”

ते काम संपलं त्या दिवशी मुलं गेल्यावर मास्तरांनी उजवा हात पुढे करून मला धरलं. त्यांचं बोट करंगळीच्या टोकापुढे गेलं. जागा मोकळी होती. बोट तिथे टेकलं. पण त्याच्या खालची बाजू गार आणि सपाट होती, तिथे काकू नव्हत्या. मास्तरांनी थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग मला टेबलावर ठेवलं, फळ्यावरचा कागद काढून दोन जाड कागदांमधे घातला, दिवा मालवला आणि गेले. महिन्याभराने ते निवृत्त झाले. मला नेलं नाही. शिपायाला एवढंच सांगितलं, “याची पाठ खिडकीकडे असू दे.”

तेव्हापासून मी असा उभा असतो. नवीन मुलं येतात आणि खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडतात, कारण तिथूनच मी पुरा दिसतो. समोर बसणाऱ्यांना माझ्या पाचव्या बोटाच्या जागी एक पांढरी सपाट पट्टी दिसते. तरुण शिक्षक त्यांना सांगतात, तसंच काढा.

मित्रांनो, मापं पाठ करा, ती उपयोगाची आहेत. पण आज घरी गेलात की कुणाचा तरी हात मागून घ्या. आईचा, बापाचा, जो कोणी कामात असेल त्याचा. तो म्हणेल, मला वेळ नाही. तरी घ्या. त्याचं एखादं बोट आखूड असेल, एखादं वाकडं असेल, तुमच्या पुस्तकाशी जुळणार नाही. तसंच काढा. हात ऊबदार आहे तोवर काढा, आणि पालथा काढून झाला की उलटा करून आतली बाजूही काढा.